अळणी डाळ आणि हरवलेली पाटली: ज्येष्ठांच्या एका लहान निवासातलं प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, नावं बदललेली. ज्यांच्याभोवती हे घडलं त्या आजींना इथे आक्का म्हटलं आहे आणि मदतनीस बाईंना मंगल. दोघींना विचारूनच लिहिते आहे. आक्का म्हणाल्या, लिही काय लिहायचं ते. मंगलने मात्र एक अट घातली: पिशवीची गोष्ट गाळायची नाही. ती गाळलेली नाही.

पार्श्वभूमी

आमचं निवास धुळे आणि जळगाव यांच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी आहे. सासऱ्यांनी बांधलेला दुमजली बंगला, पुढे कडुनिंब, मागे भांडी घासायची मोरी आणि वाळवणाचा ओटा. खाली बारा ज्येष्ठ राहतात, वर आम्ही नवरा-बायको. लोक याला वृद्धाश्रम म्हणतात. फरक असा की इथली माणसं बहुतेक स्वतःच्या पायांनी चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात. अंघोळीला, गोळ्या वेळेवर घ्यायला, रात्री उठायला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना सोबत लागते, तेवढी आम्ही देतो. दिवसा दोन मदतनीस, रात्री एक आणि स्वयंपाकाला काकू. गावातले एक डॉक्टर दर गुरुवारी येऊन सगळ्यांना बघून जातात. मी नर्स नाही. वीस वर्षं शाळेत शिकवलं, तेवढीच माझी पात्रता.

दिवस साडेपाचच्या चहाने सुरू होतो. हरिपाठ, अंघोळी, मग पेपरवरून भांडणं. दुपारी जेवणात भाकरी, कधी कळण्याची, बरोबर डाळ आणि एखादी भाजी. दिवाळीनंतर वांगी चांगली मिळतात तेव्हा आठवड्यातून एकदा भरीत होतं आणि त्या दिवशी कुणाचीच तक्रार नसते. उन्हाळा मात्र आमच्याकडे सगळं बदलून टाकतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, दुपारी बाराच्या पुढे अंगणात पाय ठेवता येत नाही आणि वाळ्याच्या ताट्यांचे कूलर रात्रीही चालू ठेवावे लागतात.

आक्का ७९ वर्षांच्या, वजन ४१ किलो. नवरा गेल्यावर चार वर्षं शेतावरच्या घरात एकट्या राहिल्या, मग मुलाने इथे आणलं. मुलगा पुण्याला नोकरीत, दरमहा पैसे न चुकता पाठवणारा. मुलगी शिरपूरकडे दिलेली. आक्का अहिराणी बोलतात, आमच्याशी बोलताना अर्धी मराठी करतात. सगळ्यांत शिस्तीच्या. सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्या. हा त्यांचा स्वभाव या प्रकरणात महत्त्वाचा आहे, म्हणून नोंदवते.

आता तीन निर्णय. तिन्ही आम्ही घेतले किंवा मान्य केले, आणि त्या वेळी विचारलं असतंत तर तिन्हींचा आम्हाला अभिमान होता.

पहिला, मार्चअखेरचा. रक्तदाबाची तपासणी झाली, त्यात बारापैकी सात जणांचा दाब जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, हे मी वाचलेलं होतं. दोन वेगळी पातेली लावणं काकूंना जड जायचं, म्हणून ठरलं की सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा. लोणचं, पापड, ठेचा बंद. सगळ्या खान्देशात पापड-कुरडयांची वाळवणं चालू असताना आमच्या ओट्यावर त्या वर्षी फक्त गोधड्या वाळत होत्या.

दुसरा, मेच्या पहिल्या आठवड्यातला. आक्कांचा दाब तरीही १६०-१७० च्या खाली येईना. डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला क्लोरथॅलिडोन दिली. ही लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून दाब उतरवणारी गोळी, स्वस्त, जुनी आणि चांगली.

तिसरा, त्याच आठवड्यातला. उष्माघाताच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मी प्रत्येकाला खुणा केलेली एक लिटरची बाटली दिली. दिवसाला तीन बाटल्या झाल्याच पाहिजेत. भिंतीवर तक्ता, बाटली संपली की टिकली. आक्कांच्या नावापुढे रोज तीन टिकल्या.

अडचण कशी दिसली

सोमवारी सकाळी आक्कांनी हात पुढे केला. उजव्या हातात पाटली होती, डावा मोकळा. "मनी पाटली कोठे गई?" खोलीत तेव्हा मंगल चादर बदलत होती. आक्कांनी तिच्याकडे बोट केलं. "हाईनी लिधी." म्हणजे, हिने घेतली.

मंगल आमच्याकडे तीन वर्षं होती. सगळ्यांत जास्त ती आक्कांचंच करायची, कारण तीही अहिराणी बोलणारी. तिला काही सुचेना. मी गादी उलटली, कपाट रिकामं केलं, मोरीचं भोक पाहिलं. मग मी ती गोष्ट केली, जिच्याबद्दल मंगलची अट आहे. दिवाणखान्यात, सात-आठ जणांसमोर, मी तिला म्हटलं, "मंगल, तुझी पिशवी दाखव, म्हणजे विषय मिटेल." तिने पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, फणी, बसचं तिकीट, मुलीसाठी घेतलेल्या रबरांचं पाकीट. पाटली नव्हती. विषय मिटला नाही. दुसऱ्या मदतनीस बाईंची, काकूंची किंवा मला भेटायला आलेल्या माझ्या भावजयीची पिशवी मी मागितली नव्हती, हे माझ्या त्याच रात्री लक्षात आलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, पोलिसात द्या. मी म्हटलं, दोन दिवस थांबू. मंगलला "तोवर घरीच राहा, पगार कापणार नाही" असं सांगितलं. मला वाटलं मी तिची बाजू घेते आहे. गल्लीत त्याचा अर्थ काय झाला, ते तिने नंतर सांगितलं.

या धांदलीत सोमवार ते शनिवार आक्कांच्या अंगात काय चाललं होतं, त्याच्या नोंदी आमच्याच वहीत आहेत. तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या अक्षरांत. मंगळवार, रात्रपाळी: "आक्का झोपल्या नाहीत. दोनदा ओकारी आल्यासारखं." बुधवार सकाळ: "जेवण अर्धं टाकलं. डोकं दुखतं म्हणतात." गुरुवारी डॉक्टर गावाला गेले होते, त्यामुळे फेरी झाली नाही. गुरुवार रात्र: "कपडे ओले. जागा कळली नाही." शुक्रवारी मी स्वतः लिहिलं आहे: "मला सखू म्हणाल्या." सखू ही त्यांची बहीण, केव्हाच वारलेली. शनिवारी पहाटे त्या व्हरांड्याच्या दाराची कडी काढताना सापडल्या. "माले घर जानं शे, गायी बांधेल शेतस." गायी विकून दहा वर्षं झाली असतील.

या काळात आम्ही साखर तपासली, ठीक होती. ताप नव्हता. ऑक्सिजन ९७. दाब १३०, म्हणजे उलट सुधारलेला. यंत्रं सगळं ठीक सांगत होती, म्हणून आमचं ठरलं की हा डोक्याचा आजार, म्हातारपणाचा. संशय घेणं, रात्री फिरणं, माणसं न ओळखणं, स्मृतिभ्रंशाबद्दल जे वाचलं होतं ते ओळीने जुळत होतं. एकच गोष्ट जुळत नव्हती आणि ती आम्ही बाजूला सारली: स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी चढत जातो, पाच दिवसांत नाही. गेल्याच रविवारी आक्का नातवाच्या परीक्षेचे मार्क विषयवार सांगत होत्या.

कोणते पर्याय होते

शनिवारी संध्याकाळी आम्ही बसलो. मी, माझा नवरा, रात्रपाळीच्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू आणि फोनवर मुलगा.

मुलाने विचारलं, करारात काय लिहिलंय? करारात असं लिहिलंय की स्मृतिभ्रंशाचं निदान झालं तर निवास त्या व्यक्तीला ठेवू शकणार नाही. हे कलम मीच घातलेलं. म्हणजे पहिला पर्याय त्यांना परत नेण्याचा. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोघं नोकरीवर, दिवसा घरी कुणी नाही. तो नाही म्हणाला नाही, पण फोनवर बराच वेळ काही बोललाही नाही.

दुसरा, नाशिक किंवा पुण्याकडे अशा रुग्णांसाठी वेगळी केंद्रं आहेत तिथे हलवणं. खर्च आमच्या कितीतरी पट, आणि तिथे त्यांच्याशी अहिराणीत बोलणारं कुणी असेल का, हा प्रश्न नवऱ्याने काढला. प्रश्न चांगला होता, पण त्यावर आम्ही अर्धा तास घालवला आणि तो अर्धा तास दुसरीकडे लागायला हवा होता.

तिसरा, रात्री झोपेची गोळी आणि खोलीला बाहेरून कडी. मावशींनी बांधून ठेवण्याचंही सुचवलं, "मऊ ओढणीने". त्याला मी साफ नकार दिला. कडीला दिला नाही.

चौथा पर्याय काकूंच्या तोंडून आला, आणि तोही पर्याय म्हणून नाही, तक्रार म्हणून. "ताई, बाकीचं राहू द्या. आक्का चार दिवस जेवल्या नाहीत. आधी रोज ताटावर बसलं की म्हणायच्या, डायमा मीठच नही शे. आता मीठ पण मागत नाहीत. मीठ मागायचं सोडलं म्हणजे माणूस बरं नाही." रक्त तपासू या, असं नवरा म्हणाला. शनिवारची संध्याकाळ, गावातली लॅब बंद, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं तर सव्वा तास. सोमवारी नेऊ, असं ठरलं.

मी गावाला गेलेल्या डॉक्टरांना फोन लावला. या फोनचा विचार मी नंतर फार केला. मी त्यांना सांगितलं: झोपत नाहीत, संशय घेतात, रात्री बाहेर जायला बघतात. ओकारीचं सांगितलं नाही. डोकेदुखीचं नाही. जेवण सुटल्याचं नाही. चालताना झोकांडी जाते हे मावशींनी मला सांगितलं होतं, ते मला वयाचंच वाटलं. मी वागणं सांगितलं, त्यांनी वागण्यावरची गोळी सांगितली: अर्धी, एकच रात्र, आणि सोमवारी दाखवा.

काय केलं

अर्धी गोळी दिली. कडी लावली. रविवारी पहाटे चारच्या सुमाराला आतून आवाज आला. आक्का संडासाच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या, भुवईवर खोक, हाक मारली तर डोळे उघडायच्या आणि मिटायच्या.

१०८ ला फोन केला. गाडी पंचवीस मिनिटांत आली. मी करार, आधार कार्ड आणि विम्याची फाइल घेतली. अपघात विभागातल्या ड्यूटीवरच्या मुलीने, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस, फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "गोळ्या कोणत्या चालू आहेत? पाकिटं आणलीत?" नाही आणली. नवरा घरी होता. त्याने पाकिटांचे फोटो पाठवले, तोवर तिने रक्त पाठवलं आणि डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. डोक्यात रक्तस्राव नव्हता.

रक्तातलं सोडियम ११४. नेहमीचं १३५ ते १४५ असतं.

तिने मला एका कोऱ्या कागदावर समजावून सांगितलं, आणि तो कागद मी ठेवला आहे. नव्या गोळीने लघवीवाटे मीठ जातं, शिवाय जादा पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडाची ताकदही कमी होते. उतारवयाच्या, बारीक अंगाच्या बायकांना हा धोका जास्त, आणि तो बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. त्यात जेवणातून मीठ येत नाही. घामातून जातं. वरून तीन लिटर पाणी. रक्तातलं मीठ पातळ होतं, पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या फुगतात. मग मळमळ, डोकेदुखी, झोकांडी, भ्रम, शेवटी झटके किंवा बेशुद्धी. "झटका यायच्या आत आलात," ती म्हणाली.

आमचे तीन निर्णय तिने त्या कागदावर तीन बाण काढून एका वर्तुळात आणले होते. तिला अर्थातच माहीत नव्हतं की ते निर्णय आहेत. तिने फक्त कारणं लिहिली होती.

मुलगा दुपारी पुण्याहून पोहोचला. मीठच कमी झालंय तर भराभर चढवा, असा त्याचा आग्रह. ज्येष्ठ डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं की हळूहळू उतरलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चोवीस तासांत साधारण आठ-दहापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. म्हणून तीन टक्क्यांचं सलाईन थेंबाथेंबाने, दर काही तासांनी रक्त तपासून, अतिदक्षता विभागात. पाणी मोजून. ती गोळी बंद. पहिल्या दिवसाअखेर १२१, तिसऱ्या दिवशी १२८.

मुलगा आला त्याच दिवशी मी त्याला आमच्या मिठाच्या नियमाबद्दल सांगितलं. सांगावं की नाही, यावर नवऱ्याचं आणि माझं गाडीत भांडण झालं होतं. त्याचं म्हणणं, गोळीमुळे झालंय, डॉक्टरांनीच सांगितलं. माझं म्हणणं, कागदावर तीन बाण आहेत. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे मला लिहून द्या. लिहून दिलं.

पाटलीचं काय झालं

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात आक्कांच्या मुलीने मला बाजूला घेतलं. पाटली तिच्याकडे होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आक्कांना माहेरपण द्यायला घर उरलेलं नाही, म्हणून लेक त्या दिवशी आमच्या निवासात आली होती, आंब्याचा रस आणि पुरणपोळ्या घेऊन. तेव्हा आक्कांनी डाव्या हातातली पाटली काढून तिच्या पदरात बांधली आणि सांगितलं, भावाला बोलू नको. मुलगा दरमहा पैसे भरतो, सोन्यावर आपलाही हक्क आहे असं त्याला वाटेल, ही आक्कांची भीती. आपलं सोनं कुणाला द्यावं हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न, पण ते कायद्यात, भावा-बहिणीत नाही. पुढे तीन आठवडे हात मोकळाच होता आणि आमच्यापैकी एकाच्याही नजरेला पडला नाही, हेही इथेच लिहिते. सोडियम उतरत गेलं तसं आक्का स्वतःच दिलेलं विसरल्या.

मुलीला चोरीचा आळ कळला होता बुधवारी. रविवारपर्यंत ती गप्प राहिली. मी चिडले. ती म्हणाली, "ताई, मी बोलले असते तर आईने दिलेलं परत मागून घेतल्यासारखं झालं असतं." मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण तिच्या जागी मी बोलले असते, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

इथे या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत अवघड निर्णय आला. मंगलवरचा आळ खोटा आहे, हे मला आता माहीत होतं. तो पुसायचा तर पाटली कुठे आहे हे सांगायला हवं. ते सांगायचा अधिकार आक्कांचा, आणि आक्का अजून मला सखू म्हणत होत्या. आम्ही ठरवलं की आक्का शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. मंगलला फोन करून एवढंच म्हटलं, "चोरी झालेली नाही हे कळलंय, सगळं नंतर सांगते, कामावर ये." ती म्हणाली, "सगळ्यांसमोर पिशवी उघडली, आता सगळ्यांसमोरच बोलवा." आणि फोन ठेवला.

आक्का पाचव्या दिवशी पुऱ्या भानावर आल्या. मुलीने त्यांना सांगितलं. त्यांनी मुलाला आत बोलावलं, मला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मुलगा बाहेर आला तो माझ्याकडे न बघता थेट चहाच्या टपरीवर गेला. संध्याकाळी त्याने बहिणीला शिरपूरच्या गाडीवर सोडलं, एवढं मी पाहिलं.

निष्पत्ती

आक्का सातव्या दिवशी सोडियम १३३ घेऊन परत आल्या. भ्रम पूर्ण गेला. त्या आठवड्यातलं त्यांना जवळजवळ काही आठवत नाही, फक्त कुणीतरी बाहेरून कडी लावली होती, एवढं आठवतं. रक्तदाबासाठी दुसरी गोळी चालू आहे. गोळी बदलली की दोन-तीन आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासतो. करार आम्ही मोडला नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मंगलला बोलावलं, दिवाणखान्यात, तेवढ्याच माणसांसमोर. मी माफी मागितली. आक्कांनी तिचा हात धरून ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. मंगल कामावर आली. अजून आहे. रोज संध्याकाळी निघताना ती माझ्या टेबलाशी थांबते, पिशवीचं तोंड उघडून धरते आणि मग जाते. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा बघायचं टाळण्यासाठी मी आत निघून गेले, तर ती मी बाहेर येईपर्यंत उभी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

आधी मीठ. नंतर किराण्याच्या वहीवरून मी हिशेब केला. पूर्वी एक किलोचा पुडा आठ दिवस जायचा. खाणारी माणसं पंधरा, म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या आसपास. हे जास्तच होतं, कमी करायला हवंच होतं. नियम आल्यावर तोच पुडा तीन आठवडे गेला: माणशी तीन ग्रॅम. त्यात अर्धं ताट टाकणाऱ्या आक्कांच्या पोटात दीड गेलं असेल. मग बाकीच्या अकरा जणांना काही कसं झालं नाही? एक तर ही गोळी दुसऱ्या कुणाला चालू नव्हती. दुसरं उत्तर नंतर कळलं आणि हसावं की रडावं समजेना. एका आप्पांच्या बंडीच्या खिशात मिठाची पुडी असायची. दोघी जणींच्या उशाशी लोणच्याची बरणी होती, घरून आलेली. पाण्याच्या बाटल्या तर कित्येक जण कडुनिंबाला घालत होते आणि तक्त्यावर टिकली लावत होते. नियम ज्यांनी मोडला ते वाचले. आक्कांनी तो पाळला.

आता काकू डाळ शिजली की ज्यांना खरोखर पथ्य आहे त्यांच्यापुरती आधी काढतात आणि मग बाकीच्यात मीठ घालतात. दुसरं पातेलंही लागत नाही. इतका साधा उपाय होता, पण मार्चमध्ये आम्ही काकूंना विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. पाण्याचा तक्ता काढून टाकला. उन्हाळ्यात पाणी लागतंच, पण किती, हे आता प्रत्येकाची गोळ्यांची यादी समोर ठेवून डॉक्टर ठरवतात.

दुसरं, चिठ्ठी. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन लिहिलेल्या चिठ्ठीच्या तळाशी तीन आठवड्यांनी रक्त तपासायची एक ओळ होती. चिठ्ठी मी फाइलला लावली, गोळ्या डबीत भरल्या, तळाची ओळ वाचलीच नाही. आता चिठ्ठी आली की गोळीबरोबर पुढच्या तपासणीची तारीखही भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाते.

तिसरं, वही. मंगळवार ते शुक्रवार आजाराची प्रत्येक खूण आम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. चार अक्षरांतल्या चार नोंदी कुणी एका बैठकीत वाचल्या असत्या, तर बुधवारी नाहीतर गुरुवारी रक्त गेलं असतं. आता रोज सकाळी चहाच्या वेळी आदल्या चोवीस तासांची पानं मोठ्याने वाचतो. ठरवलं आहे की माणूस आठवड्याच्या आत बदलला, तर आधी रक्त आणि लघवी, मग स्वभावाची चर्चा. डॉक्टरांना फोन करताना वही हातात घेऊनच करायचा, म्हणजे मला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगितलं जात नाही. फ्रिजच्या दारावर बारा पाकिटं आहेत, प्रत्येकात चालू गोळ्यांची यादी. दवाखान्यात जाताना विम्याच्या फाइलच्या आधी ते पाकीट.

बाहेरून कडी पुन्हा कुणालाही लावलेली नाही. दाराला घंटी बांधली आहे. गुराच्या गळ्यातली, बाजारातून आणलेली. मध्यरात्री सगळं घर उठवते, हा तिचा दोष आहे.

करारातल्या कलमाचं अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो राहू दे, खरंच स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळण्याइतकी आपली माणसं नाहीत, आणि ते खरं आहे. पण त्या शनिवारी ते कलम समोर होतं म्हणून मला निदानाची घाई झाली, हेही खरं आहे. निदान झालं की माणूस आमच्या हातातून सुटत होतं.

मंगलच्या बाबतीत काय करायला हवं होतं, याचं उत्तर मला सोपं वाटतं: पिशवी मागायचीच नव्हती. ते आठ दिवस थांबण्याबद्दल मात्र मी दोन्ही बाजूंनी विचार करते. आक्कांचं गुपित राखायला आम्ही मंगलला थांबवलं. कुठे आहे ते न सांगता "पाटली सुखरूप आहे, ज्यांची त्यांनीच ठेवली आहे" एवढं त्याच दिवशी दिवाणखान्यात बोलता आलं असतं. तेवढ्याने गुपितही फुटलं नसतं. मला ते वाक्य दोन महिन्यांनी सुचलं.

शेवटचं, दागिन्यांची वही. प्रत्येकाच्या अंगावर काय आहे, कपाटात काय आहे, कुणाला दिलं तर तारीख, खाली सही. नवऱ्याने वही आखली, मी एकेकाकडे घेऊन गेले. अकरा जणांनी सही केली किंवा अंगठा दिला. आक्कांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं, वही मिटून माझ्या हातात परत दिली. "मना सोनानी वही तुले कशाले, बाई?"

त्यांचं पान कोरंच आहे.